रॅकेटचे वजन हाताला कुठे लागते

मित्रहो, बॅडमिंटनची रॅकेट घ्यायला दुकानात गेलेला खेळाडू बहुधा पहिला प्रश्न वजनाचा विचारतो, आणि दुकानदारही शाफ्ट, म्हणजे मधली दांडी, मुठीत शिरतो त्या टोपीवर छापलेला ‘४यू’ हा आकडा दाखवून मोकळा होतो. तो आकडा खरा असतो, पण अपुरा असतो. हाताला लागणारे वजन ठरते ते रॅकेटच्या लांबीवर ते ग्रॅम कुठे बसवले आहेत यावर, आणि शाफ्ट रॅकेटचे डोके, म्हणजे तारांचा भाग, किती तत्परतेने पुढे आणतो यावर. आज याच दोन गोष्टींविषयी मी बोलणार आहे.

प्रथम छापील आकड्याचा अर्थ पाहू. योनेक्स या रॅकेट बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या मोजमापात ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४ आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. आकडा वाढतो तसे वजन घटते, आणि त्यामुळे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. खेळाच्या नियमांनी रॅकेटची लांबी ६८० मिलिमीटर आणि रुंदी २३० मिलिमीटर यांपुढे जाऊ दिलेली नाही, पण वजनावर कोणतेही बंधन घातलेले नाही. भारताचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकली, त्या काळात रॅकेटची फ्रेम लाकडी असे, वजन सहज शंभर ग्रॅमच्या पुढे जाई आणि खेळ संपल्यावर फ्रेम वाकू नये म्हणून ती लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवावी लागे. आज कार्बनच्या रॅकेटींत ३यू आणि ४यू यांच्यात जेमतेम पाच ग्रॅमचा, म्हणजे साधारण एका फुलाच्या, अर्थात शटलकॉकच्या, वजनाइतका फरक असतो. मग एवढ्याशा फरकावर इतकी चर्चा का होते?

त्याचे उत्तर तोलबिंदूत आहे. रॅकेट आडवी करून शाफ्टखाली एक बोट धरा आणि ती स्थिर राहील तिथपर्यंत बोट सरकवा. मुठीच्या बुडापासून त्या जागेपर्यंतचे अंतर मोजले की तोलबिंदू मिळतो. ढोबळ मानाने हे अंतर २९५ मिलिमीटरच्या पुढे गेले की रॅकेट हेड हेवी (डोक्याकडे जड) म्हणावी, २८५च्या खाली आले की हेड लाइट (डोक्याकडे हलकी). आता एक साधा हिशेब करू. एक रॅकेट ८८ ग्रॅमची आहे आणि तिचा तोल २८५ मिलिमीटरवर आहे. दुसरी ८३ ग्रॅमची आहे आणि तिचा तोल ३०२ मिलिमीटरवर आहे. वजन आणि अंतर यांचा गुणाकार पहिलीत २५,०८० येतो, दुसरीत २५,०६६. म्हणजे मुठीच्या टोकाला आडव्या धरल्या तर दोन्ही मनगटाला जवळजवळ सारख्याच ओढतील. प्रत्यक्ष फिरवताना तर अंतराचा वर्ग मोजावा लागतो, त्यामुळे टोकाकडच्या एका ग्रॅमची किंमत आणखी वाढते. हलकी म्हणून हौसेने घेतलेली ४यू हाताला जड का लागते, हे यावरून कळेल.

याच हिशेबाने एका रूढ समजुतीचाही निकाल लागतो. डोके जड वाटत असेल तर मुठीवर आणखी एक ओव्हरग्रिप, म्हणजे वरून गुंडाळायची पट्टी, चढवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ८५ ग्रॅमच्या, २९५ मिलिमीटरवर तोल असलेल्या रॅकेटला पाच ग्रॅमची ग्रिप गुंडाळली, तर तोलबिंदू सुमारे अकरा मिलिमीटर मागे सरकतो आणि मोजपट्टीवर रॅकेट हेड लाइट ठरते. पण टोकाचा एकही ग्रॅम कमी झालेला नसतो. फिरवायचा भार पूर्वीइतकाच राहतो, किंचित वाढतोच. ग्रिप घामासाठी आणि पकडीच्या जाडीसाठी जरूर लावावी. डोके हलके करण्याचा तो उपाय नव्हे.

मग जोरदार स्मॅशसाठी जड डोकेच हवे का? भारताचा दुहेरीचा खेळाडू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधील सोका येथे ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशचा विक्रम नोंदवला, तेव्हा त्याच्या हातात योनेक्सची नॅनोफ्लेअर १००० झेड होती, आणि ती हेड लाइट आहे. त्याआधी २०१३ साली मलेशियाच्या तान बून हेओंगने ताशी ४९३ किलोमीटरची मजल मारली होती, तीही डोके हलके ठेवणाऱ्या नॅनोरे मालिकेतील रॅकेटनेच. ज्याचा हात विजेसारखा फिरतो त्याला हलके डोके अधिक वेग देते. ज्याचा हात तेवढा फिरत नाही, त्याला मात्र जड डोक्याची गती कामी येते आणि त्याचा टॉस, म्हणजे उंच मारलेला फटका, मागच्या रेषेपर्यंत पोहोचतो. पण दुहेरीत समोरून सपाट ड्राइव्ह येऊ लागले की तीच रॅकेट उशिरा वर येते.

त्या विक्रमी रॅकेटचा शाफ्ट एक्स्ट्रा स्टिफ, म्हणजे फार ताठ, आहे, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हात पुढे झेपावतो तेव्हा डोके जडत्वामुळे क्षणभर मागे राहते, शाफ्ट वाकतो आणि मग सरळ होताना डोक्याला पुढे फेकतो. हे सरळ होणे फुलाला स्पर्श होण्याच्या क्षणी जुळून यायला हवे. वेगवान हाताला लवचिक शाफ्ट दिला तर स्पर्शाच्या वेळी डोके अजून मागेच असते, आणि फूल ठरवल्यापेक्षा वर उडते. संथ हाताला ताठ शाफ्ट दिला तर तो वाकतच नाही. सगळे काम मनगट आणि कोपर करतात, आणि दोन-तीन महिन्यांत कोपर त्याची जाणीव करून देते. आपल्याकडे क्लबात खेळणाऱ्या बहुतेकांना मध्यम शाफ्टच मानवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘स्टिफ’ आणि ‘मीडियम’ या शब्दांना सर्व कंपन्यांत सामाईक माप नाही, म्हणून एका कंपनीचे लेबल दुसरीच्या लेबलाशी ताडून पाहू नये.

आपण जिला रॅकेटची ‘फील’ म्हणतो, तिचा मोठा हिस्सा गटिंगचा, म्हणजे ताणून बसवलेल्या तारांचा, असतो. ०.७० मिलिमीटर जाडीची तार २३ पौंडांवर ताणलेली रॅकेट आणि ०.६५ची तार २८ पौंडांवर ताणलेली रॅकेट पाठोपाठ खेळून एकीला मऊ आणि दुसरीला कडक म्हटले, तर ती तुलना तारांची झाली. म्हणून दोन रॅकेटी पारखायच्या असतील तर दोन्हींना एकच तार, एकच ताण आणि एकाच जाडीची ग्रिप असावी. परीक्षा स्मॅशवर घेऊ नये, कारण ताज्या दमाच्या हाताने पाच स्मॅश कुठल्याही रॅकेटने बरे बसतात. तिसऱ्या गेममध्ये, खांदा भरून आल्यावर, मागच्या कोपऱ्यातून मारलेला बॅकहँड टॉस कुठवर जातो ते पाहावे, आणि अंगावर आलेला स्मॅश अडवताना रॅकेट वेळेवर छातीसमोर येते का ते पाहावे. या दोन फटक्यांत कमी पडणारी रॅकेट कितीही नावाजलेली असली तरी ती दुकानात परत ठेवावी आणि तीच मालिका एक यू हलकी किंवा एक पायरी लवचिक मागून पाहावी.