वाढत्या अंगाचे नकोत: हॉकीचे स्केट्स आणि त्यांचे होल्डर

(दृश्य: सोलापूर, संध्याकाळचे सहा. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दोन विटा ठेवून केलेला गोल. सात-आठ मुलं, चाकांचे स्केट्स, हातात स्टिक.)

निवेदन:
जून लागला की नवी पेठेतल्या दुकानांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एक नंबर मोठाच द्या, पोरगं वाढतंय." शर्टाची बाही दुमडता येते. शाळेच्या बुटात कापूस कोंबता येतो. हॉकीच्या स्केट्सना मात्र ही युक्ती लागू होत नाही.

साध्या बुटाचं काम पाय झाकायचं. स्केटचं काम वेगळं आहे. घोटा जरासा कलला की ते कलणं त्याच क्षणी खाली ब्लेडच्या धारेपर्यंत पोहोचायला हवं. बूट सैल असेल तर आधी आत पाय वळतो, मग बूट वळतो, आणि धार उशिरा पकडते. ही कसर भरून काढायला मूल लेस आवळतं. आवळलेली लेस घोट्याच्या पुढच्या बाजूला शिरांवर दाबते, पंधरा मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. तरीही घोटा आत पडतोच. मग कडेला उभी असलेली मोठी माणसं म्हणतात, "याचे घोटेच कच्चे आहेत." बहुतेक वेळा घोटे चांगले असतात, बूट मोठा असतो.

(दृश्य: सोलापूर स्टेशन, फलाट. पाठीवर किटबॅग घेतलेला खेळाडू.)

सोलापुरात बर्फाचा रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान, नाही. इथली मुलं चाकांवर शिकतात, आणि ज्यांना पुढे आइस हॉकी खेळायची असते ती कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली गाठून पुढे डेहराडूनला किंवा लेहला जातात. डेहराडूनचा हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभा राहिला, बरीच वर्षं बंद होता, 2025 मध्ये पुन्हा सुरू झाला. लेहमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर खेळतात. त्याच 2025 मध्ये भारताच्या महिला आइस हॉकी संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, आणि तेव्हापासून आपल्याकडेही पालक विचारू लागले आहेत की स्केट्स घ्यायचे तर कुठले. चाकांचा हॉकी स्केट असो की बर्फाचा, वरचा बूट जवळपास सारखाच बेतलेला असतो. फरक तळाखाली असतो. म्हणून सुरुवात पायापासून करू.

(दृश्य: भिंतीला टेकवलेली टाच, खाली कागद, हातात पेन्सिल.)

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय किंचित फुगतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर चांगलाच फुगतो. खेळताना जो पातळ मोजा घालणार तोच घाला. टाच भिंतीला लावा, पूर्ण वजन त्या पायावर द्या, आणि सगळ्यात लांब बोटापुढे रेघ मारा. लांबी मिलिमीटरमध्ये लिहा. मग चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा. दोन्ही पाय मोजायचे, कारण एक जरासा मोठा असतोच, आणि मापासाठी तोच धरायचा.

आता नंबरची भानगड. बाउअर किंवा सीसीएम या कंपन्यांचे स्केट्स साध्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान घ्यावेत, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते खरं आहे, पण हिशोब अमेरिकन नंबरचा आहे. आपल्या बुटांवर बहुधा ब्रिटिश नंबर छापलेला असतो, आणि पुरुषांच्या मापात तो अमेरिकन नंबरपेक्षा आधीच अर्धा ते एकाने कमी असतो. आपल्या 7 नंबरातून थेट दीड वजा केला तर बोटं दुमडणारा बूट हाती येतो. म्हणून नंबर बाजूला ठेवा आणि कंपनीच्या तक्त्यात मिलिमीटर बघा.

लांबीइतकीच महत्त्वाची आहे पायाची जाडी. बाउअर तिला फिट 1, फिट 2, फिट 3 म्हणते. फिट 1 सडपातळ, चपट्या पायासाठी, फिट 3 रुंद, भरीव पायासाठी. सीसीएमकडे टेपर्ड, रेग्युलर आणि वाइड अशी नावं आहेत. लहानपणी बराच काळ अनवाणी वावरलेल्या पायाचा चवडा अनेकदा पसरट असतो. अशा पायाला अरुंद बूट रुततो, म्हणून घरचे लांबीचा एक नंबर वाढवतात. मग रुंदी जेमतेम बसते आणि टाच मात्र आत खुळखुळते. रुंदी हवी असेल तर रुंद फिट मागा, लांबी वाढवू नका.

(दृश्य: बूट पायात, लेस सोडलेली. पेन्सिल आडवी ठेवली जाते.)

बूट घातल्यावर टाच जमिनीवर दोन-तीनदा ठोका, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसेल. लेस बांधून सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढच्या टोपीला अलगद लागली पाहिजेत. मग गुडघे वाकवून खेळण्याच्या पवित्र्यात या. बोटं मागे सरकून मोकळी झाली, तर लांबी बरोबर. वाकूनही ती दाबलेलीच राहिली तर बूट लहान. सरळ उभं असतानाही टोपीला काहीच लागलं नाही तर मोठा.

खोली तपासायला पेन्सिल पुरते. लेस सोडा, टाच मागे ठेवा, आणि वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही कडांवर सपाट टेकली तर पाय पुरता आत गेला आहे. पायाच्या उंचवट्यावर अडून डुगडुगली तर बूट उथळ आहे. असा बूट आज सुसह्य वाटतो, महिन्याभरात घोट्यापुढची जागा सोलून काढतो. जीभ जाड केली, लेस बदलली, तरी उथळपणा जात नाही.

वाढत्या मुलासाठी फार तर अर्धा नंबर सूट द्या. लेस सोडून बोटं पुढे टेकवली की टाचेमागे एक बोट जेमतेम जावं. दोन बोटं गेली तर तो बूट पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवा. पट्टी ओढून नंबर वाढवता येणारे ॲडजस्टेबल स्केट्स पहिल्या सहा महिन्यांच्या तोल सांभाळण्याला ठीक आहेत, पण वळणावर त्यांचा तळ मधोमध लवतो. हॉकीला ते घेऊ नका.

चांगले बूट स्केट्स तापवायच्या खास भट्टीत तापवून पायाच्या आकाराला बसवता येतात. अनेक मॉडेल्सना साधारण 80 अंश सेल्सिअस, तेही काही मिनिटंच लागतं. वेळ आणि तापमान मॉडेलप्रमाणे बदलतं, ते कंपनीच्या पत्रकात बघावं. गरम बुटात पाय घालून लेस वर न ओढता बाजूला ओढायची, नाहीतर मऊ झालेली छिद्रं फाटतात. मग दहा-पंधरा मिनिटं बसून राहायचं, चालायचं नाही, आणि एक दिवस स्केटिंग करायचं नाही. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका. तिथली उष्णता एकसारखी नसते, डिंक सुटतो. जवळ भट्टी नसेल तर घरात सोलापुरी चादर चौपदरी घाला, ब्लेडवर गार्ड, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, चढवा आणि रोज वीस-पंचवीस मिनिटं बूट घालून बसा. आठवड्याभरात बराच फरक पडतो.

(दृश्य: उलटा धरलेला बूट. पांढरा होल्डर, रिव्हेट, ब्लेड.)

आता खालचा भाग. याकडे कुणी बघत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. होल्डर म्हणजे तळाला रिव्हेटने, म्हणजे धातूच्या खिळीने, ठोकलेला प्लास्टिकचा पूल. त्याच्या पोटात सुमारे 3 मिलिमीटर जाडीचं पोलादी ब्लेड बसतं. होल्डरचं माप मिलिमीटरमध्ये असतं. बाउअरच्या टूक होल्डरमध्ये 254, 263, 272, 280, 288, 296 अशी मापं मिळतात. नवं ब्लेड मागवताना हा आकडा आणि होल्डरचं मॉडेल, दोन्ही जुळले पाहिजेत. जुना टूक ब्लेडला बोल्टने धरतो, 'एज' हे नवं मॉडेल ट्रिगरच्या खटक्याने, आणि सीसीएमच्या स्पीडब्लेडचं ब्लेड वेगळंच. लांबी तीच असली तरी ही एकमेकांत बसत नाहीत.

सरळपणा घरीच तपासता येतो. बूट टेबलावर उलटा धरा. टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या बोटाच्या रेषेपर्यंत दोरा ताणा. ब्लेड त्या दोऱ्याखाली यायला हवं. मग मुलाला गार्ड चढवून उभं करा आणि मागून बघा. गवंडी ओळंब्याने भिंत बघतो तसंच. दोन्ही ब्लेड उभ्या रेषेत असावीत. बूट बरोबर बसूनही एकच पाय सतत आत पडत असेल, तर होल्डर तिरका ठोकला असण्याची शक्यता मोठी आहे. तो काढून जागेवर बसवता येतो, पण चपलांच्या खिळ्यांनी किंवा साध्या लोखंडी रिव्हेटने नाही. तांब्याचा रिव्हेट आतून पसरून तळाला घट्ट धरतो. लोखंडी रिव्हेट घामाने गंजतो आणि भोक मोठं करतो. लेसची निघालेली रिंग मात्र आपल्याकडचा कुशल मोची उत्तम बसवून देतो.

जुने स्केट्स घेताना होल्डरच्या पुढच्या-मागच्या खांबांच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का ते उजेडात बघा. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, लागून ती पडते, आणि पुढे जोरात ढकलताना होल्डर तिथूनच तुटतो. ब्लेड हाताने हलवून बघा. टकटक आवाज आला तर स्क्रू किंवा खटका ढिला आहे. ब्लेडची पुढची आणि मागची उंची वेगळी असेल तर कुणीतरी धार चुकीची लावली आहे. ब्लेडला दोन धारा असतात, मधे पोकळ खाच. बहुतेकांना अर्धा इंच त्रिज्येची खाच जमते. वजनाने हलक्या मुलाला त्याहून खोल खाच दिली तर पकड वाढते, पण थांबताना ब्लेड रुततं. दोन्ही धारांवर सपाट पट्टी ठेवून सुताराचा गुण्या लावा. काटकोन नसेल तर एक धार उंच आहे, आणि मूल एकाच बाजूच्या वळणावर घसरत राहील.

(दृश्य: शहाबादी फरशीवर चाकं.)

चाकांच्या स्केटला होल्डरऐवजी फ्रेम असते, पण दोऱ्याची कसोटी तीच. फरक पडतो चाकांच्या कडकपणात. तो 'ए'च्या आकड्यात मोजतात, आकडा मोठा तितकं चाक कडक. गुळगुळीत लादीवर चालणारं 74ए ते 76ए चाक आपल्या खरखरीत सिमेंटवर काही आठवड्यांत झिजून तुकडे टाकतं. बाहेर खेळायला 82ए ते 85ए बघा. शहाबादी फरशीच्या सांध्यात लहान चाक अडकतं, तिथे 80 मिलिमीटरचं चाक निभावतं. सगळी चाकं आतल्या बाजूने जास्त झिजत असतील, तर आधी बूट पुन्हा तपासा.

(दृश्य: टॉवेलने पुसलं जाणारं ब्लेड.)

बर्फावरून उतरलं की ब्लेड, होल्डरची खाच आणि स्क्रूची जागा कोरडी करा. त्याला सोलापुरी टर्किश टॉवेलहून चांगलं काही नाही. प्लास्टिकचे गार्ड फक्त चालण्यासाठी. ते चढवून पिशवीत टाकलं तर आत पाणी साचतं आणि रात्रीत गंज धरतो. पिशवीसाठी कापडी कव्हर वापरा. आतला सोल काढून बूट पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच ठेवू नका, भट्टीत जे घडतं तेच तिथे पाय आत नसताना घडतं.

आणि डेहराडूनला निघताना बॅगेत ब्लेडचा एक जादा जोड, होल्डरचे स्क्रू, छोटा पेचकस आणि लेसची जोडी टाका. मुलाचा पाय दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीशी पुन्हा मोजा, आणि रेघेशेजारी तारीख लिहा.