बिनमेकअपचा गोपाळराव

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं संपादित)

अध्यक्ष, कार्यकारिणी, आणि जेवणाची गाडी आली का हे बघायला मागच्या दाराजवळ बसलेले माझे मित्र, सगळ्यांना नमस्कार.

समितीने मला विषय दिलाय ‘नव्याने घडणं आणि आपल्याला घडवणारी माणसं’. मी कोणाला घडवलंय असा समितीचा समज दिसतो. आमच्या घरी हा विषय ऐकल्यावर सगळ्यात मोठ्याने कोण हसलं ते विचारू नका.

मार्चमधल्या आपल्या कार्यक्रमातल्या नाटकात मी गोपाळराव केला होता, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचा नवरा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला. धोतराला आतून बेल्ट लावला होता, हे पहिल्या तीन रांगांना दिसलं आणि बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हिडिओत. माझी नाट्यकारकीर्द म्हणजे ‘पुरुषोत्तम’ एकांकिका स्पर्धेत एकदा पडदा ओढला होता, तेवढीच. तरी त्या दिवशी टाळ्या पडल्या. माझी मुलगी विंगेत प्रॉम्प्टिंगला होती, इंग्रजी लिपीतलं स्क्रिप्ट हातात घेऊन. घरी जाताना पार्कवे हायवेवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, तुला मेकअपची गरजच नव्हती.”

मी खूश. म्हटलं, “हो ना, मिशी माझी स्वतःचीच होती.”

“मिशीबद्दल नाही बोलत मी.”

तर मंडळी, आजचं सगळं भाषण त्या एका वाक्याला दिलेलं उत्तर आहे. उत्तर द्यायला मला दोन महिने लागले, आणि ती आज इथे नाही. शिफ्टवर आहे.

शिफ्ट कसली ते सांगतो. आमच्या गावात ॲम्ब्युलन्सचं स्वयंसेवकांचं पथक आहे, तुमच्याही गावात असेल. अकरावीत असताना मीच तिला तिथे घातलं. का? मेडिकलच्या अर्जावर बरं दिसतं! इथे बसलेले निम्मे पालक आता जमिनीकडे बघताहेत, म्हणजे माझी आयडिया काही नवीन नव्हती. आता कॉलेजची तीन वर्षं झाल्यावर बाईसाहेब म्हणतात की एमसीएटी, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, देणार नाही, डॉक्टर व्हायचं नाही, पॅरामेडिक व्हायचंय, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरच उपचार करणारी. यावर आमच्याकडे जो संवाद झाला त्यातला माझा भाग मार्चच्या स्क्रिप्टमध्ये जसाच्या तसा घालता आला असता. आवाज तोच, तर्जनी तीच, “तुझ्या भल्यासाठी” तेच.

आता गोपाळरावाची बाजू घेतो. मी डोंबिवलीचा, त्यामुळे कल्याणच्या घरात वाढलेल्या मुलीबद्दल बोलायचा हक्क मला किती, हा वाद कल्याणकरांनी चहाच्या वेळी घालावा. पण गोपाळराव नसता तर आनंदीबाई कोणाला माहीत झाल्या असत्या का? पोस्टात नोकरी करणारा माणूस. नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करतो आणि तिला शिकवायचंच म्हणून हटून बसतो. लोक नावं ठेवतात, तर बदली मागून घेतो. अलिबाग, कोल्हापूर, भूज, मग पार बंगाल. चौदाव्या वर्षी तिचं बाळ दहा दिवसांत गेलं आणि तिने डॉक्टर व्हायचं मनाशी धरलं, तेव्हा तिच्या मागे उभा राहायला घरात हाच एक माणूस होता. 1883 साली, अठराव्या वर्षी, ती नवऱ्याला मागे ठेवून बोटीत बसते. त्या काळात किती नवऱ्यांनी हे केलं असतं?

आणि हाच माणूस तिला मारायचा. हे आपण नाटकात जरा मऊ केलं होतं, कारण कार्यक्रम सहकुटुंब होता. पण तिनेच अमेरिकेतून त्याला पत्रात लिहिलंय. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्याने मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तकं आणि खुर्च्या. त्याच पत्रात ती जे म्हणते ते मी या दोन महिन्यांत कितीदा वाचलं असेल. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट, असं मला विचाराल तर दोन्ही, असं तिचं उत्तर आहे. शेवटी जे साधायचं होतं ते पाहता बरोबर. पण लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम होईल ते पाहता चूक.

विशीसुद्धा न गाठलेली मुलगी एवढा सरळ हिशोब मांडते. आपल्याला पन्नाशीत जमत नाही. आपण आपल्या बाबांबद्दल म्हणतो, “मारायचे, पण म्हणून तर शिकलो.” यातला ‘पण’ एवढा मोठा करतो की त्याच्या आधीचं कोणाला ऐकूच येत नाही. मी मुलीला कधी हात लावलेला नाही, हे नोंदवून ठेवा. खुर्चीही फेकलेली नाही. ती आयकियाची आहे, उचलली तर सुटते.

आता या गोष्टीतला आपल्या न्यू जर्सीचा भाग. गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, बायकोला अमेरिकेत शिकवायचंय, काही मदत होईल का. वाइल्डर साहेबांनी ते पत्र आपल्या उत्तरासकट छापलं, प्रिन्स्टनहून निघणाऱ्या त्यांच्या नियतकालिकात. उत्तराचा मथितार्थ असा, की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू. त्या नियतकालिकाचा अंक 1880 साली एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पडला होता आणि आपला नंबर येईपर्यंत चाळत बसली होती रोझेलची एक बाई. थिओडिशिया कार्पेंटर. तिने घरी जाऊन पत्र लिहिलं. ना ओळख ना देख, ना कोणाची चिठ्ठी. त्या पत्रांतूनच आनंदीबाईंना मावशी मिळाली. पुढे अमेरिकेत उतरल्यावर त्या राहिल्या या मावशीकडेच. मावशीने धर्म बदलायला सांगितलं नाही. मुलगी शाकाहारी आहे, साडी नेसते, तर तशीच ठेवून घेतली. मग फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात पाठवली आणि 1886 च्या मार्चमध्ये मुलगी एम.डी. झाली.

ते रोझेल आपल्याला कुठे लागतं? पार्कवेवर पाटी दिसते, लिंडन-रोझेल. आपण सगळे तिथून ऐंशीने जातो आणि इडली कुठली चांगली यावर वाद घालतो.

मला सांगा, आपण यातले कोण? घरात गोपाळराव, ते माझ्याबाबतीत तरी ठरलंय, मेकअपशिवाय. पण घराबाहेर, म्हणजे या मंडळात? थोडं टोचेल, पण बोलतो. आपण वाइल्डर आहोत. मदत करायला आपण कायम तयार, फक्त आधी एक अट. गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. गणपतीला मी इस्त्रीचा कुर्ता घालून आलो आणि “सध्या कन्सल्टिंग” असं सांगितलं. नंतर कळलं की त्या दिवशी आरतीला उभे असलेले आणखी काही जण कन्सल्टिंगच करत होते. ज्यांना खरं सांगितलं त्यांनी मनापासून म्हटलं, “रेझ्युमे पाठव, बघतो.” पाठवला. ते अजून बघताहेत. एकाने विचारलं, “पण कोणत्या टेक्नॉलॉजीत आहेस?” उत्तर ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते आपल्याकडे पत्रिका जुळत नाही म्हटल्यावर येतं.

आमच्या घरी माझ्याआधी नव्याने घडली ती बायको. पार्ल्यातल्या शाळेत गणित शिकवायची. इथे आली माझ्या व्हिसाला टाचलेली, काम करायची परवानगी नाही. मंडळाने तिला काय दिलं? पोळ्या कुठे मिळतात तो नंबर, दिवाळी अंकांची यादी आणि भोंडल्याच्या खिरापतीची जबाबदारी. पुढे ग्रीन कार्ड आलं तेव्हा तिला गल्ल्यावर पहिल्यांदा बसवलं ते किराणा दुकानाच्या गुजराती मालकिणीने. संध्याकाळी दुकान बंद करताना हिशोब हिच्या तोंडी तयार असायचा. ते बघून त्या बाईने एक दिवस कम्युनिटी कॉलेजच्या अकाउंटिंगच्या वर्गाचा कागद हिच्या पर्समध्ये कोंबला आणि मंगळवार-गुरुवार लवकर सोडायला लागली. एवढंच. भाषण नाही, “मी तुला घडवलं” नाही. आज आमच्या घराचा हप्ता त्या कागदावर चालतो. ती बाई मराठी नव्हती, याची मला लाज वाटावी की मजा, ते अजून ठरलेलं नाही.

माझंही तसंच. मेकॅनिकलचा माणूस वायटूकेच्या, म्हणजे 2000 साल लागताना कॉम्प्युटर गोंधळतील या भीतीच्या लाटेत कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आला. मला इथे उभं केलं ते गेस्ट हाउसमधल्या एका तेलुगू सीनियरने. गाडी शिकवली, रस्सम शिकवलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मीटिंगमध्ये “मला हे माहीत नाही” असं म्हणायला शिकवलं. डोंबिवलीत वाढलेल्या हुशार मुलाला हे वाक्य येत नसतं हो. आपल्याकडे माहीत नाही म्हणणं म्हणजे नापास.

आचरेकर सरांचं आणि स्टंपवरच्या नाण्याचं उदाहरण मी देणार नाही. ते प्रत्येक मेळाव्यात कोणीतरी देतंच, आणि गेल्या वर्षी दोघांनी दिलं. त्यापेक्षा केळुसकर गुरुजी आठवा. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला दिसतो, गुरुजी चौकशी करतात, पुस्तकं द्यायला लागतात. 1907 साली तो मॅट्रिक होतो तेव्हा सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट देतात. पुढे सयाजीरावांकडे त्याच्यासाठी शब्द टाकतात. 1913 साली तो मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात येतो. आपण आपल्या मुलांना ॲडमिशनच्या वर्षी जिथे फिरवून आणतो आणि पायऱ्यांवर फोटो काढतो, तेच कोलंबिया. केळुसकरांनी भीमरावांनी काय व्हावं हे ठरवलं नव्हतं. पुस्तक दिलं, दार दाखवलं. आत गेल्यावर तो मुलगा काय करेल, याचा त्यांना अंदाज तरी असेल का?

परत माझ्या मुलीकडे येतो. म्हणजे मी तिथून हललोच नव्हतो. तिच्या पथकात एक म्हातारा आहे, सत्तरीचा, आयरिश. निवृत्त पोस्टमन. गोपाळराव पोस्टात, हाही पोस्टात! हिला ॲम्ब्युलन्समधलं सगळं यानेच शिकवलं. कोणाच्या घरात गेलं की आधी खाली बसायचं, पेशंटच्या डोळ्यांच्या रेषेत यायचं, नाव विचारायचं. औषधं कुठली चालू आहेत ते कोणाला नीट सांगता येत नाही, म्हणून फ्रिजच्या दारावर आणि ओट्यावर बघायचं. एका रात्री कॉल आला. आपल्यातल्याच एक आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या, मुलगा-सून गावाला, आणि आजी घाबरून फक्त मराठीत बोलत होत्या. सगळ्यात अनुभवी तोच पोस्टमन. पण तो मागे सरला, आजींची मान हलू नये म्हणून ती धरून बसला आणि हिला म्हणाला, तू बोल. आणि रविवारच्या मराठी शाळेला दांडी मारायला दरवेळी पोटदुखी काढणारी माझी मुलगी म्हणाली, “आजी, कुठे दुखते? हलू नको हं.” आजींना अहो-जाहो झालं नाही म्हणून कोणी नाराज असेल तर क्षमा करा. आजी नाराज नव्हत्या. मांडीचं हाड मोडलं होतं, आता बऱ्या आहेत. बेसनाचे लाडू पाठवतात, त्या पोस्टमनलाही.

ही गोष्ट मला मुलीने सांगितली नाही. आजींच्या सुनेने सांगितली, संक्रांतीला. मुलगी मला असं काही सांगत नाही, कारण मी ऐकून विचारणार, “हे मेडिकलच्या अर्जातल्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये घालता येईल का?” विचारलंच असतं.

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, होऊ दे पॅरामेडिक. आहे का सोपं? रात्रपाळी, पाठीचं दुखणं, पगार, हे मला दिसतं. विशीतल्या मुलीला चाळिशीतली पाठ दिसत नाही. आणि गोपाळरावाच्या त्या ढकलण्याशिवाय आनंदीबाई कल्याणच्या बाहेर पडल्या नसत्या, हे मघाशी मीच म्हणालो. पण त्याच आनंदीबाई थंडी, उपासमारीसारखं खाणं आणि क्षय घेऊन परतल्या. 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. एकही दिवस डॉक्टरकी करायला मिळाली नाही. आणि गोपाळरावांनी अस्थी पाठवल्या कोणाकडे? मावशीकडे. पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांचा दगड आहे. इथून दोन तास. मंडळाची सहल दरवर्षी सफरचंदं तोडायला जाते, तिथून फार लांब नाही. समितीने विचार करावा.

कुठे ढकलायचं आणि कुठे मागे सरून मान धरायची, हे त्या पोस्टमनला कळलं. मला कळत नाही. तो तिचा बाप नाही म्हणून त्याला जमतं, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, असेलही. तिच्या “असेलही”चा अर्थ विवाहितांना सांगायला नको.

एक कामाची सूचना आणि संपवतो, कारण गाडी आलेली दिसते, मागची रांग उठली. गणपतीत आपण बाहेरच्या टेबलावर एक तक्ता ठेवला होता, दोन रकान्यांचा. ‘मी मार्गदर्शन करू शकतो’ आणि ‘मला मार्गदर्शन हवंय’. पहिला रकाना भरून मागच्या पानावर गेला. दुसऱ्यात दोन नावं होती, त्यातलं एक चुकून लिहिलेलं, कारण त्या काकांना तो जेवणाचा कागद वाटला. तोच तक्ता आज परत ठेवलाय. नोकरी गेलेल्यांनी, जायच्या बेतात असलेल्यांनी, पन्नाशीत काहीतरी नवीन शिकावंसं वाटणाऱ्यांनी कृपया उजवीकडे लिहा. डावीकडे आता जागा नाही.

आणि आमच्याकडे कॉलेजच्या पुढच्या वर्षाची फी भरायची तारीख ऑगस्टमध्ये आहे. भरायची की नाही, यावर घरात अजून कोणी तोंड उघडलेलं नाही. सध्या मीठ दे, किल्ली कुठे आहे, एवढंच बोलणं चालू आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे होऊन गेलं असेल तर जेवताना मला गाठा. सल्ला नको, तो माझ्याकडेच भरपूर आहे. तुमच्याकडे पुढे काय झालं, तेवढं सांगा.