भुरीसकट घर पाहिजे

(दृश्य : संगम माहुली, सकाळ. नदीवर धुकं. दगडी चौथऱ्यावर बसलेला दगडी कुत्रा.)

हा खंड्या. छत्रपती शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा यानं महाराजांचा जीव वाचवला, असं साताऱ्यात सांगतात. त्याला जरीचा पोशाख आणि दागिने चढवून दरबारात बसवल्याची गोष्टही इथं घरोघरी ठाऊक आहे. महाराज १७४९ साली गेले. त्यांची समाधी माहुलीत आहे, आणि त्यांच्या कुत्र्याचीही आहे.

साताऱ्याचं रेल्वे स्टेशनही माहुलीच्याच बाजूला. शहराच्या बाहेर. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी पहिल्यांदा या स्टेशनवर उतरलो. नाशिकची नोकरी सुटली होती, साताऱ्याच्या एमआयडीसीत दुसरी लागली होती. हातात अठ्ठावीस हजार पगार येणार होता. खिशात चौदा घरांचे फोन नंबर होते, आणि नाशिकला शेजाऱ्यांकडे माझी कुत्री, भुरी होती.

(दृश्य : भुरी. उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसलेली.)

भुरी गावठी आहे. रंग वाळक्या गवताचा, एक कान उभा, एक पडलेला. वय तेव्हा सहा. एवढीशी होती तेव्हा पावसात, गटाराच्या कडेला सापडली होती.

चौदापैकी अकरा जणांनी फोनवरच नाही म्हटलं. एजंट आधी जोरात असायचे. ‘या की साहेब, आजच दाखवतो.’ मग मी भुरीचं सांगायचो आणि पलीकडून आवाज पडायचा. ‘कुत्रं आहे? मग अवघड आहे हो.’ एकानं मात्र लगेच घर काढलं. सदर बझारला बंगल्याचा खालचा मजला, भाडं चौदा हजार. घर चांगलं होतं, पण पगाराचा निम्मा भाग भाड्यात घालून खायचं काय? आठ हजारांच्या वर मला जमणारच नव्हतं. जनावर असलं की घरं कमी दिसतात, आणि जी दिसतात ती महाग असतात.

मला सल्ला सगळ्यांनी एकच दिला. आत्ता सांगू नका. आधी ॲग्रीमेंट करा, राहायला या, आणि महिन्याभरानं आणा तिला हळूच.

हा सल्ला मी मानला नाही, आणि तुम्हीही मानू नका. भुंकणारं जनावर लपत नाही. चौथ्या दिवशी कळतं. मग घरमालकाला कुत्र्याचा राग कमी आणि फसवल्याचा राग जास्त येतो. पावसाळ्यात सामान रस्त्यावर आलं की त्या जनावराचं काय होतं, ते मी पुढं दाखवणार आहे.

(दृश्य : यादोगोपाळ पेठ. अरुंद गल्ली, जुना वाडा, लाकडी जिना.)

यादोगोपाळ पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाडं सहा हजार. मालकीणबाई सत्तरीच्या, बोलायला अतिशय मऊ. पाणी दिलं, चहा दिला. कुत्र्याचं ऐकल्यावर जरा गप्प झाल्या. मी विचारलं, ‘आजी, भीती वाटते का कुत्र्याची?’

‘छे रे,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या माहेरी होता की. पण तू तिला काय खायला घालणार?’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अडचण कुत्र्याची नव्हतीच. अडचण पातेल्याची होती. रोज संध्याकाळी चिकन शिजणार, त्याचा वास जिन्यातून वर त्यांच्या देवघरापर्यंत जाणार. त्यांचं सोवळं त्यांनी आयुष्यभर सांभाळलेलं. मी वाद घातला नाही. कुत्रं दही-भात आणि भाकरीवर राहील असं म्हणून घर मिळवताही आलं असतं, पण भुरीला अंडी आणि चिकन लागतं, ते मी देणारच होतो. आजींना नमस्कार करून उठलो. मात्र जाताना एक गोष्ट शिकून निघालो: ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं. शांतपणे, भांडण न करता.

पुढच्या दोन दिवसांत मी सगळ्यांना विचारत सुटलो. शाहूपुरी, गोडोली, करंजे, विसावा नाका. कारणं ऐकाल तर प्रत्येकाचं वेगळं. एकाच्या आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्यानं सागवानी दरवाजा खालून कुरतडलेला; त्यांनी मला तो हात लावून दाखवला. एका घरात केसांनी बाथरूमची जाळी तुंबली होती. गोडोलीतल्या एका काकूंचं दुखणं मला सगळ्यात खरं वाटलं. त्यांच्याकडच्या भाडेकरूची कुत्री माजावर आली की गल्लीतली दहा-बारा कुत्री रात्रभर गेटबाहेर. वर्षातून दोनदा. ‘झोप न्हाई, काय न्हाई. लोक आमच्याच नावानं ओरडायचे,’ काकू म्हणाल्या.

या शेवटच्या तक्रारीवर इलाज आहे, आणि तो भुरीचा झालेला होता. नसबंदी. पण मी ते काकूंना नीट सांगायच्या आत त्यांनी खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती.

(दृश्य : लसीकरणाचं पुस्तक. शिक्के, तारखा, जुनं पिवळं पान.)

तेव्हा पहिलं काम हे करा. तुमच्या जनावराची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर पहिल्यांदा देतात, नंतर दरवर्षी. त्या तारखा पुस्तकात दिसायला हव्यात. नसबंदीचा दाखला, जंतांच्या औषधाच्या नोंदी, आणि जुन्या घरमालकाचं चार ओळींचं पत्र. ते पत्र फार काम करतं. माझ्या नाशिकच्या मालकांनी लिहिलं होतं, ‘सहा वर्षांत एकही तक्रार नाही, गेल्यावर चुकल्यासारखं वाटेल.’

नवीन गावात डॉक्टर कुठले, ही चिंता साताऱ्यात फारशी करायला नको. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्या-मांजरांनाही तपासतात, लाज बाळगायचं कारण नाही. शिवाय जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासून. दुखणं मोठं असेल तर महामार्गानं तिथं जाता येतं.

आता कायद्याचं. इथं लोक फार गोंधळतात, म्हणून सावकाश सांगतो.

सोसायटी आणि घरमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, सगळ्यांनी मिळून ठराव केला तरी नाही. लिफ्ट वापरू नका, असंही म्हणता येत नाही. पण हे झालं सोसायटीचं. घर ज्याचं, तो मालक मात्र भाडं ठरवताना ‘जनावर नको’ अशी अट घालू शकतो. तुम्ही त्या कागदावर सही केली की ती अट तुम्हाला लागू. म्हणून एखाद्या मालकापुढं २०१५ चं परिपत्रक नाचवण्यात अर्थ नाही. ते सेक्रेटरीसाठी जपून ठेवा.

मालकापुढं ठेवायचा कागद वेगळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि नोंदणी केलेला करारच नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे पक्का कागद हा मालकाच्याच फायद्याचा. मुद्रांक शुल्कही किरकोळ, एकूण भाड्याच्या पाव टक्का. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. छोट्या घराला हे शुल्क शे-दोनशेच होतं. वाचवण्यासारखे पैसे नाहीत ते.

(दृश्य : कोडोलीकडचा रस्ता. उसाची ट्रॉली. मागं अजिंक्यतारा.)

दुसऱ्या खेपेला मी भुरीला घेऊनच आलो. रेल्वेत कुत्रं न्यायचं तर एक गार्डच्या डब्यातली पेटी, नाहीतर फर्स्ट एसीची पूर्ण केबिन आपल्या नावावर. पेटीत तिला कोंडायचं धाडस झालं नाही. मित्राची गाडी घेतली. सव्वातीनशे किलोमीटर. खंबाटकी घाटात तिनं एकदा ओकारी काढली, बाकी झोपली.

कोडोलीच्या अलीकडं एक घर होतं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागं शहाबादी फरशीचं अंगण, वर मालक. मालक निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्यांनी फोनवर नाहीच म्हटलं होतं. मी म्हटलं, ‘मामा, घर देऊ नका, पण एकदा तिला बघा तरी.’

मामा पडवीत बाजेवर बसले होते. भुरीला मी आखूड दोरीनं धरलं. मामांनी तिला बोलावलं नाही, हात पुढं केला नाही. गुडघ्यावर तळवे ठेवून नुसते बसून राहिले. भुरीनं आधी त्यांच्या चपला हुंगल्या. मग बाजेचा पाय. मग अंगणातल्या हौदाजवळ जाऊन पाणी प्यायली, परत आली, दोनदा गोल फिरली आणि माझ्या पायापाशी अंग टाकलं. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. तिनं मान वर केली. भुंकली नाही.

‘चावत न्हाई न्हवं?’

‘आजवर नाही, मामा. पण लहान पोरांनी जेवताना हात लावू नये.’

हे मी मुद्दाम सांगितलं. ‘अजिबात नाही, लई गरीब आहे’ असं म्हणणं सोपं होतं. पण माणसाला तुमच्या जनावराचं एक उणं तुमच्याच तोंडून कळलं, की बाकीच्या गोष्टींवर त्याचा विश्वास बसतो. मामांनी फाइल मागितली. चष्मा लावून लसीच्या तारखा एकेक करून बोटानं वाचल्या.

मग घासाघीस. भाडं सात हजार. मामा पाचशे वाढवा म्हणाले, कुत्र्याचे. मी म्हटलं, भाड्यात नको, डिपॉझिटमध्ये पाच हजार जास्त घ्या. भाड्यातले पाचशे परत येत नाहीत, डिपॉझिट येतं. आणि दार कुरतडलं, फरशी बिघडली, तर मामांच्या हाताशी पैसे राहतात. हे त्यांना पटलं.

करारात आम्ही चार ओळी घातल्या. भाडेकरूकडे एक पाळीव कुत्री आहे, तिची नसबंदी झाली असून दरवर्षी लस दिली जाईल. अंगण भाडेकरू रोज धुईल. जनावरामुळं झालेलं नुकसान डिपॉझिटमधून वळतं होईल. घर सोडताना पेस्ट कंट्रोल भाडेकरू करून देईल. मामांच्या घरातल्या मावशींनी वरून पाचवी ओळ सांगितली, तुळशीजवळ बांधायचं नाही. ती ओळ लिहिली नाही, पाळली मात्र आजपर्यंत.

मांजरवाल्यांचं त्या मानानं सोपं असतं. खिडक्यांना जाळी आणि वाळूचा ट्रे रोज साफ, एवढी हमी दिली की बरेच मालक मानतात.

(दृश्य : एमआयडीसीचा रस्ता, संध्याकाळ. चहाच्या टपरीजवळ एक कुत्रा. गळ्यात पट्टा.)

हा मला मागच्या मे महिन्यात दिसला. निळा पट्टा, केस विंचरलेले. म्हणजे चार-आठ दिवसांपूर्वीपर्यंत कुणाच्या तरी घरात होता. टपरीवाले म्हणाले, समोरच्या कॉलनीतून टेम्पो भरून गेला, हा मागं धावत होता. बदलीच्या दिवसांत दरवर्षी असे एक-दोन दिसतात. तो प्रत्येक टेम्पोजवळ जायचा आणि चाक हुंगायचा.

उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर टाकून जाणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. मला याचा संताप येतो. पण त्या टेम्पोतल्या माणसालाही अकरा फोनवर ‘नाही’च ऐकायला मिळालं असेल, हेही मला माहीत आहे. बाराव्याला फोन करायला हवा होता. नाहीच जमलं तर महिनाभर नातेवाइकांकडं नाहीतर शेजाऱ्यांकडं ठेवायला हवं होतं, जसं मी भुरीला शेजाऱ्यांकडं ठेवलं होतं. टपरीवाल्यांनी त्याला आता सांभाळलाय. पट्टा तोच आहे.

(दृश्य : मामांचं अंगण. बाज. बाजेखाली भुरी.)

आमचा करार दुसऱ्यांदा झाला. अंगठ्याचे ठसे, फोटो, सगळं घरबसल्या. मामांनी भाडं तीनशेनं वाढवलं, चार ओळी तशाच ठेवल्या. दुपारी ते झोपतात तेव्हा भुरी बाजेखाली असते. मावशींच्या तुळशीपासून हातभर लांब.

गेल्या आठवड्यात कंपनीत लातूरहून एक मुलगी रुजू झाली. दोन मांजरं आहेत, बजेट सहा हजार, सात ठिकाणी नकार. आम्ही तिच्या मांजरांची फाइल लावली. रविवारी सकाळी दहाला करंज्यात एक घर बघायला जायचंय. टोपलीत मांजरं घेऊनच.