श्रीखंडाच्या डब्यातला कढीपत्ता

नमस्कार श्रोतेहो. श्रीखंडाचा डबा रिकामा झाला म्हणून कुणी टाकत नाही. आमच्या नौपाड्याच्या घरी त्यात कढीपत्ता असतो.

परवाच्या शनिवारी लेकीची मुलं वाशीहून राहायला आली. धाकटा तीन वर्षांचा. फ्रिज उघडला, डब्यावरचं केशर-पिस्त्याचं चित्र पाहिलं आणि चमचा मागायला लागला. हल्ली विकतचं श्रीखंड म्हणजे नुसती साखर, चक्का घरीच बांधावा माणसानं. पण ते असो. झाकण काढलं, आत कढीपत्ता! तोंड एवढंसं झालं.

मी झाकण लावलं नि विचारलं, "संध्याकाळी बाबा न्यायला येतील. त्यांनी हा बंद डबा पाहिला, तर आत काय आहे असं वाटेल त्यांना?"

"कढीपत्ता!"

"आणि उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?"

"कढीपत्ता!"

अहो, चमचा अजून हातात होता! पाच वर्षांची ताई मात्र म्हणाली, "काहीही काय! बाबांना कुठे माहितीये? त्यांना श्रीखंडच वाटणार."

लक्षात घ्या, धाकटा खोटं बोलत नव्हता. तीन वर्षांचा म्हणतो कढीपत्ता, पाच वर्षांची म्हणते श्रीखंड. हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? लहानगी मुलं बोट दाखवतात ते चॉकलेट खरंच असेल तिथे. समोरच्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागतं. आणि आपलीही मघाची समजूत चुकली होती, हे लहानग्यांना आठवत नाही, असं अ‍ॅलिसन गॉपनिक आणि जॅनेट अ‍ॅस्टिंग्टन या मानसशास्त्रज्ञांना १९८८ मध्ये दिसलं. तेव्हा तीन वर्षांच्या पोराला खोटारडा म्हणू नका. धड थाप मारायलासुद्धा समोरच्याला काय ठाऊक नाही, हे कळावं लागतं.

ताईला ते कळलं होतं. संध्याकाळी जावईबापू आले. तिनं डबा नि चमचा नेऊन दिला, चेहरा अगदी साळसूद. ते झाकणाला हात लावणार, एवढ्यात धाकटा ओरडला, "बाबा, त्यात कढीपत्ता आहे!"