शंका विचारणाऱ्याला राहू द्या

‘माझं वॉलेट उघडत नाहीये, कुणी मदत करेल का?’

आमच्या क्रिप्टो चलनांच्या ग्रुपवर एका रात्री एका नव्या सदस्याने एवढंच लिहिलं. काही मिनिटांत त्याला तीन खासगी मेसेज आले. त्यांतल्या एकावर माझं नाव होतं, माझाच फोटो होता. त्या ‘मी’ने त्याला धीर दिला, दोन-तीन प्रश्न विचारले आणि शेवटी सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेटची चावी असलेले, बारा शब्द मागितले. त्याने दिले. सकाळी मी ग्रुप उघडला तोवर त्याचं वॉलेट रिकामं झालेलं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण असे चर्चागट चालवता, म्हणून याच प्रसंगापासून सुरुवात केली. हे बारा किंवा चोवीस शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात, आणि ते हाती लागले की पैसेच हाती लागतात. पासवर्ड बदलता येतो, हे शब्द बदलता येत नाहीत. झालेला व्यवहार उलटवायला कुणाकडे अर्जही करता येत नाही. दुसऱ्या एखाद्या विषयाच्या ग्रुपवर मॉडरेटरला, म्हणजे ग्रुप सांभाळणाऱ्याला, उशीर झाला, तर फार तर भांडण वाढतं. इथे तेवढ्या वेळात कुणाची तरी साठवलेली पुंजी जाते.

त्यानंतर आम्ही जे केलं ते तुम्हीही करत असाल. नव्या सदस्याला पहिले काही दिवस लिंक टाकता येत नाही. मॉडरेटरच्या नावासारखं नाव दिसलं की लगेच बाहेर. रोमन आणि रशियन लिपीतला ‘ए’ डोळ्याला सारखाच दिसतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर भिस्त ठेवत नाही. ‘वॉलेट’, ‘अडकले’, ‘मदत’ असे शब्द आले की त्याखाली आपोआप उत्तर पडतं: आमच्यापैकी कुणीही तुम्हाला आधी खासगी मेसेज करणार नाही. रात्रीही कुणीतरी जागं असतं. ही कामं कष्टाची आहेत, पण त्यांत काय योग्य याबद्दल मनात गोंधळ नसतो.

गोंधळ होतो तो शंका विचारणाऱ्या माणसाबद्दल.

आपल्या जगात एक शब्द फार सैल हाताने वापरला जातो, ‘एफयूडी’. भीती, अनिश्चितता, शंका. कुणी एखाद्या योजनेबद्दल विचारलं की हे व्याज नेमकं कुठून येतं, की लगेच वीस जण ‘एफयूडी पसरवू नका’ म्हणून तुटून पडतात आणि मॉडरेटरकडे तक्रारी येतात. शांतता हवी म्हणून आपण त्या एकालाच काढतो. ही सवय आजची नाही. २०११ मध्ये बिटकॉइनटॉक या चर्चामंचावर ‘पायरेट-ॲट-फॉर्टी’ या नावाने वावरणारा एक सदस्य आठवड्याला ७ टक्के व्याज देऊ करत होता. आठवड्याला! चक्रवाढीने मांडून पाहा, वर्षभरात रक्कम तेहतीस पटींच्या वर जाते. ही पॉन्झी योजना आहे, म्हणजे नव्यांच्या पैशांतून जुन्यांना व्याज दिलं जातं, असं तिथे काही जणांनी उघडपणे लिहिलं होतं. तरी पैसे येत राहिले. ऑगस्ट २०१२ मध्ये योजना बंद पडली. अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने ७ लाखांहून अधिक बिटकॉइन गोळा केले होते. ट्रेंडन शेव्हर्स हे त्याचं खरं नाव. पुढे त्याला तुरुंगवास झाला.

दहा वर्षांनी तेच. टेरा या क्रिप्टो प्रकल्पाच्या यूएसटीवर, म्हणजे भाव एका डॉलरला बांधलेल्या नाण्यावर, अँकर नावाच्या ठेव योजनेत वर्षाला सुमारे २० टक्के मिळत होते. या रचनेवर टीका करणाऱ्या एका अर्थतज्ज्ञ महिलेला टेराचे संस्थापक डो क्वॉन यांनी २०२१ मध्ये जाहीर उत्तर दिलं, की मी गरिबांशी वाद घालत नाही. त्यावर टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. मे २०२२ मध्ये यूएसटी डॉलरच्या भावापासून सुटलं आणि त्याला सावरून धरणारं टेराचं दुसरं नाणं, लुना, काही दिवसांत जवळपास शून्यावर आलं.

हे सांगताना मी स्वतःला वगळत नाही. मी एकदा एका सदस्याला काढलं होतं. तो एका नाण्याबद्दल रोज तोच प्रश्न विचारायचा: संस्थापकांच्या वाट्याची अडवून ठेवलेली नाणी विकायला कधी मोकळी होणार? भाषा तिरकी होती, आणि कारण म्हणून मी तेच लिहिलं. पण ते नाणं माझ्याकडेही होतं. त्याचा प्रश्न मला नको होता, हे मी काही महिने स्वतःशीसुद्धा मान्य केलं नाही. नाणी मोकळी झाली, भाव कोसळला. मी त्याला परत बोलावलं. तो आला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे मॉडरेटर आपल्याकडे कोणती नाणी आहेत ते सगळ्यांना सांगतो, आणि त्या नाण्याच्या चर्चेत काहीही काढायचं झालं तर निर्णय दुसरा घेतो. काढलेल्या प्रत्येक मेसेजचं कारण सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं असतं. याने काम वाढतं, वादही वाढतात. २०१५ मध्ये बिटकॉइनचे व्यवहार ज्यात नोंदले जातात त्या ब्लॉकच्या आकारावरून जो वाद पेटला, त्यात रेडिटच्या बिटकॉइन विभागात ब्लॉक मोठा करू पाहणाऱ्या पर्यायी सॉफ्टवेअरच्या बाजूचे मेसेज काढले गेले. मॉडरेटरांचं म्हणणं होतं की सर्वसंमतीशिवाय असा बदल पुढे रेटणं धोक्याचं आहे. या म्हणण्यात तथ्य असेलही. पण ज्यांचं बोलणं पुसलं गेलं ते दुसरीकडे जमले, आणि दोन्ही बाजूंचं एकमेकांशी बोलणंच तुटलं. माझ्या मते ते नुकसान ब्लॉकच्या आकाराहून मोठं होतं.

सगळ्या शंका प्रामाणिक असतात का? नाही. भाव पाडून स्वस्तात घेण्यासाठी अफवा पेरणारेही येतात. मी एवढंच बघते, की त्या बोलण्यात तपासून पाहता येईल असं काही आहे का. वॉलेटचा पत्ता, तारीख, आकडा, करारातली ओळ. असेल तर भाषा कडवट असली तरी ते राहतं. ‘उद्या दसपट होणार’ आणि ‘उद्या सगळं बुडणार’ या दोन्हींना आमच्याकडे एकच नियम आहे.

आणि भाव कोसळतो त्या रात्री हे नियमही बाजूला ठेवावे लागतात. टेरा बुडालं तेव्हा त्याच्या रेडिट समूहात आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनचे क्रमांक सर्वांत वर लावावे लागले होते. आमच्याकडे ती यादी आता आधीपासून तयार असते. कुणी ‘सगळं संपलं’ असं लिहिलं, तर एक मॉडरेटर बाकी सगळं सोडून फक्त त्याच्याशी बोलतो. थट्टा करणाऱ्याला त्या रात्रीपुरतं गप्प केलं जातं. आणि ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणत त्याच माणसाकडे जो येतो, त्याला क्षणात बाहेर काढलं जातं. तिथे आम्ही दुसऱ्या मॉडरेटरच्या निर्णयाची वाट पाहत नाही.