गंधाराला हात नको

(दृश्य: संगणकाचा पडदा जवळून. आवाज बंद.)

पडद्यावर केशरी रंगाचे जे लांबट ठिपके दिसतायत, तो एका गायिकेचा आवाज आहे. एक ठिपका म्हणजे साधारण एक स्वर. ठिपका जाड असेल तर आवाज मोठा, लांब असेल तर स्वर जास्त वेळ धरलेला. मधून जाणारी ही बारीक रेघ मात्र नीट पाहा. स्वर कुठून आला, कुठे थांबला, कुठे हलला, कुठे उतरला, ते सगळं या रेघेत आहे. डावीकडे पेटीच्या पट्ट्या उभ्या केल्यासारखी घरं, एका सप्तकाला बारा. रेघ घराच्या मधोमध असेल तर स्वर बरोबर. नसेल तर माउसने ठिपका उचलायचा आणि घरात नेऊन ठेवायचा.

(मूळ ध्वनी: गायिकेची ओळ, आधी मूळ, मग दुरुस्त केलेली.)

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर हा स्टुडिओ आहे. दोन खोल्या, मधे काच. भिंतींना फोम, काचेपलीकडे एक माइक आणि एक उंच स्टूल. स्टुडिओचं आणि इथल्या माणसांचं नाव घ्यायचं नाही, या अटीवर आम्हाला कॅमेरा आत नेता आला. अट समजण्यासारखी होती. पिच करेक्शन, म्हणजे यंत्राने सूर दुरुस्त करणं, सगळीकडे होतं आणि कुणी सांगत नाही.

सप्तशृंगीचं एक नवं गाणं इथे तयार होतंय. नवरात्राआधी ते यूट्यूबवर जायला हवं. चाल दरबारी कानडा या रागावर बांधलेली, ठेका मात्र गोंधळाचा.

(दृश्य: संबळ गरम करतानाचे हात. तुणतुण्याची खुंटी.)

संबळ वाजवणारे काका आणि तुणतुणं धरणारा त्यांचा पुतण्या सिन्नरहून आलेत. आजकाल संबळ संगणकातूनच घेतात, पण या संगीतकाराने खऱ्या संबळाचा हट्ट धरला. काका आधी वाद्य तापवतात. मग पुतण्या तुणतुण्याची तार गायिकेच्या आवाजाला मिळवतो. गायिका काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज, तिचा सा. तार लागली ती काळी चारच्या किंचित वर. गोंधळ्यांच्या घरात ट्यूनर नसतो, कान असतो, आणि कानाने लावलेली तार पेटीच्या पट्टीवर अचूक बसलीच पाहिजे, असा काही नियम नाही.

इथेच पहिला प्रसंग येतो. सॉफ्टवेअर गृहीत धरतं की सगळं जग ४४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या, ‘ए’ या पाश्चात्त्य स्वराला मिळवलेलं आहे. त्या हिशेबाने काळी चारचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झला यायला हवा. गायिकेचा षड्ज त्याच्या जरा वर आहे, म्हणून यंत्राच्या मते तिचा प्रत्येक स्वर चढलेला आहे. दुरुस्तीचं बटण दाबलं असतं, तर यंत्राने तिचा आवाज खाली ओढला असता. तुणतुणं जिथे होतं तिथेच राहिलं असतं. सुरात गाणारी बाई कणसूर झाली असती, आणि पडद्यावर सगळे ठिपके मात्र घराच्या मधोमध दिसले असते.

रेकॉर्डिंग करणारे दादा तसं करत नाहीत. ते आधी तुणतुण्याची तार एकटी ऐकतात, तिची कंपनसंख्या मोजतात आणि यंत्राचा पाया तेवढा वर सरकवतात. मिनिटाभराचं काम आहे. पण ते करायचं असतं हे ज्याला कळतं, तो आधी संगीत शिकलेला असतो. हे दादा संगणकाकडे येण्याआधी अनेक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवत होते.

(दृश्य: समुद्रात तेल शोधणाऱ्या जहाजाचं संग्रहित चित्रण. भूकंपलहरींचे आलेख.)

हे तंत्रज्ञान संगीतासाठी जन्मलं नाही. अमेरिकेतले अँडी हिल्डेब्रँड तेल कंपनीसाठी काम करत होते. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या, परत येणाऱ्या लहरी नोंदवायच्या आणि त्यांच्यावरून खडकांचे थर कुठे आहेत हे गणिताने काढायचं, हे त्यांचं क्षेत्र. ते स्वतः बासरी वाजवायचे, पाश्चात्त्य पद्धतीची, आणि चांगली वाजवायचे. एकदा जेवणाच्या टेबलावर कुणीतरी त्यांना म्हणालं की मला सुरात गायला लावेल असा एखादा डबा बनवा की. १९९७ मध्ये त्यांच्या अँटारेस कंपनीचं ऑटो-ट्यून बाजारात आलं.

(दृश्य: येवल्याच्या मागावर पैठणी. काठावरची नक्षी.)

आवाजाचा सूर यंत्राला कळतो कसा, हे समजायला येवल्याला जाऊ. पैठणीच्या काठावर तीच नक्षी पुन्हा पुन्हा येते. त्या काठाची एक घडी दुसऱ्या घडीवर ठेवा आणि हळूहळू सरकवा. एका जागी मोर मोरावर आणि वेल वेलीवर बसते. किती सरकवलं, ते नक्षीचं एक आवर्तन. आवाजाची लहरही अशीच पुन्हा पुन्हा येणारी असते. यंत्र तिची प्रत तिच्यावरच सरकवत जातं, जुळली की थांबतं. एक आवर्तन किती वेळाचं ते कळलं की एका सेकंदात किती आवर्तनं तेही कळतं, आणि तोच स्वर. ही आकडेमोड प्रचंड असते. गाणं चालू असतानाच उत्तर मिळेल इतकी ती आटोक्यात आणणं, हे हिल्डेब्रँड यांचं खरं काम.

स्वर कळला की यंत्र जवळचं घर शोधतं आणि आवाज तिकडे नेतं. किती वेगाने न्यायचा, हे एका बटणावर असतं. वेग कमी ठेवला तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. पूर्ण वेगाला नेलं तर आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारतो, मधली वाटच नाहीशी होते. १९९८ मध्ये शेर या अमेरिकन गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात हे मुद्दाम केलं गेलं आणि जगभर वाजलं. तो परिणाम कशाने साधला, हे निर्मात्यांनी सुरुवातीला लपवलं. दुसऱ्याच यंत्राचं नाव सांगितलं.

आज खानदेशातलं अहिराणी लग्नगीत डीजेवर वाजतं, तेव्हा तोच धातूचा आवाज ऐकू येतो. तिथे तो रंग म्हणून घेतलेला असतो, गायकाला हवा असतो, ऐकणाऱ्यालाही कळतो. त्यात फसवणूक नाही, आणि ती गाणी नाचायलाच केलेली असतात.

आपण पाहतोय ते ठिपक्यांचं सॉफ्टवेअर मेलोडाइन, जर्मनीतल्या म्युनिकचं, २००१ पासूनचं. ते एकेक स्वर हातात देतं. स्वराची मध्यरेषा वेगळी हलवता येते, स्वरातलं कंपन वेगळं कमी करता येतं, स्वर धरताना हळूहळू घसरत असेल तर ती घसरण वेगळी सरळ करता येते. काम किती बारीक करता येतं ते पाहा. हे हत्यार वाईट आहे, असं ही फिल्म करणाऱ्या आम्हा कुणालाही वाटत नाही.

(दृश्य: जुन्या नाशकातलं पेटी दुरुस्तीचं दुकान. पितळी सूर, कानस.)

बारा घरांचा वाद या यंत्रापेक्षा जुना आहे. हे पेटीचे सूर. पितळेची पातळ जीभ. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. कारागीर कानस दोन वेळा फिरवतो, भाता मारतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. एकदा बसला की सूर बसला. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही आणि तिच्या बारा स्वरांत आपले सगळे स्वर मावत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं होतं. ते १९७१ पर्यंत बंद राहिलं.

आक्षेपात तथ्य होतं. दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरतात. पेटीचा शुद्ध गंधार, म्हणजे ग, षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तानपुरा नीट लागला की त्याच्या तारांमधून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो ३८६ च्या आसपास असतो. फरक १४ सेंटचा. पडद्यावर हा फरक ठिपक्याच्या जाडीतही दिसत नाही. तानपुऱ्यावर रियाज केलेल्या गळ्याला तो दिसावा लागत नाही.

(दृश्य: पंचवटीतल्या गल्ल्या, सकाळ. मग फिरती तबकडी.)

या शहरात हे सांगायला वेगळ्या साक्षीची गरज नाही. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात नाशिकला येऊन राहिले. त्यांनी इथे रामनाम आधाराश्रम उभा केला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर १९२१ मध्ये नाशिकमध्येच जन्मले. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास वाजायची. टेप येण्याआधी गाणं थेट मेणाच्या चकतीवर कोरलं जाई. चूक झाली तर सगळं पुन्हा, पहिल्या अक्षरापासून. त्या काळच्या तबकड्या आजही ऐका. त्यात श्वास ऐकू येतो, सुईची खरखर ऐकू येते, आणि स्वर जिथे हवा तिथे असतो. तो यंत्राविना तिथे आला होता. रियाजाने आला होता.

(दृश्य: पुन्हा स्टुडिओ. पडद्यावर अंतऱ्याची ओळ.)

आता अंतरा. दरबारीचा कोमल गंधार पेटीवरच्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला असतो आणि तो स्थिर नसतो. तो आंदोलित असतो. सावकाश, वजनाने हलतो. मध्यमाला स्पर्श करून खाली येतो, रिषभाकडे झुकतो, परत वर जातो. पडद्यावर त्याची लाट पाहा. लाटेचा तळ रिषभाच्या घरात शिरलाय, माथा गंधाराच्या घरात आहे.

यंत्राला या लाटेत दोन चुका दिसतात. दादा आम्हाला दाखवायला म्हणून बटण दाबतात.

(मूळ ध्वनी: यंत्राने सरळ केलेला गंधार. पाच सेकंद निवेदन नाही.)

रे, ग, रे, ग. लाटेच्या पायऱ्या झाल्या. बारा घरांपैकी दोन घरं अचूक लागली आणि दरबारी गेला. काचेपलीकडून गायिका हात वर करून सांगते, “दादा, गंधाराला हात नको.” दादाही मान डोलावतात, “ताई, दाखवायला केलं. पुसतो लगेच.” ते पुसतात.

मग खरं काम सुरू होतं, आणि ते दोन तास चालतं. दादा पूर्ण गाण्यावर यंत्र चालवत नाहीत. ओळ ऐकतात, डोळे मिटून. पडद्याकडे बघत ऐकलं की कान आळशी होतो, असं ते म्हणतात. खटकलं तरच थांबतात. मुखड्यात ‘गडावरी’ म्हणताना पंचम जरा खाली राहिला, कारण श्वास संपत आला होता. तो एक ठिपका ते थोडा वर नेतात, पूर्ण मधोमध नाही, आणि त्यातलं कंपन तसंच ठेवतात. पुढच्या ओळीतला षड्ज चढलाय, त्याला ते हात लावत नाहीत. तिथे संबळ जोरात आहे आणि आवाज त्याच्यावर चढूनच जायला हवा. या निर्णयांसाठी बटण नाही. चाल कुठे जातेय, शब्द काय आहे, ठेका कुठे येतो, हे कळल्याशिवाय यातला एकही निर्णय घेता येत नाही.

असं काम किती ठिकाणी होतं? गायकाला तासाच्या हिशेबाने बोलावतात, ओळ ओळ तोडून गाऊन घेतात, बाकीचं यंत्रावर सोडतात. कोरसला माणसं बोलावणं कमी झालंय, संबळ-तुणतुण्याच्या सुपाऱ्याही. आणि गाण्याच्या क्लासला येणारी मुलं घासून गुळगुळीत केलेले आवाज ऐकतच वाढतायत. आपला गळा हलला की ती घाबरतात.

(दृश्य: गायिका हेडफोन लावून ऐकतेय. चेहरा.)

या स्टुडिओचा एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटला आणि तो प्रत्येक स्टुडिओने पाळावा, असं आम्ही आग्रहाने म्हणतो. दुरुस्त केलेल्या गाण्याबरोबर मूळ, हात न लावलेला टेकही गायकाला द्यायचा. दोन्ही शेजारी शेजारी ऐकायचे. आपण कुठे कमी पडलो आणि यंत्राने काय झाकलं, हे गायकाला त्याच दिवशी कळतं.

गायिकेने दोन्ही ऐकले. ‘गडावरी’चा दुरुस्त पंचम तिला पटला नाही. यंत्राने तो बरोबर केला होता, पण श्वास संपल्याची ओढ शब्दात तशीच उरली होती. स्वर वर आणि आवाज थकलेला. तिने बाईंना फोन लावला; त्या तिला लहानपणापासून शिकवतात. श्वास आधीच्या शब्दानंतर घे, ‘गडावरी’च्या आत तोडू नकोस, एवढंच त्यांनी सांगितलं. काकांनी संबळ पुन्हा तापवला, पुतण्याने तार पुन्हा ताणून पाहिली. मुखडा नव्याने घेतला आणि तोच गाण्यात ठेवला. त्यावर मेलोडाइन नाही.

(मूळ ध्वनी: नवा मुखडा आणि अंतरा, पूर्ण. श्रेयनामावली यावरच.)