खिडकी उघडी ठेवायची की बंद?

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्याची सुट्टी लागली की अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशी फेरी काढणारी कितीतरी कुटुंबं मुक्कामाला सोलापुरात येतात. कुणी भक्तनिवासात उतरतं, कुणी स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर. एसीची खोली सगळ्यांना परवडत नाही. बाहेर पारा 42-43 अंशांवर गेलेला असतो, आणि रात्री एकच पेच पडतो. खिडकी उघडावी तर डास आत येतात, लावावी तर जीव कासावीस होतो. लहान मूल रडायला लागलं की सगळ्यांच्याच झोपेचं खोबरं. हा पेच सुटण्यासारखा आहे, म्हणून आज त्यावर बोलतो.

सुरुवात खोली घेतानाच करा. सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली शक्यतो घेऊ नका. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. छताचा पंखा तीच तापलेली हवा तुमच्या अंगावर ढकलतो. खालच्या मजल्यावरची खोली मागा. पश्चिमेची भिंत उन्हात नसेल आणि दारासमोर खिडकी असेल, तर आणखी उत्तम. आणि हो, खिडकीला जाळी आहे का ते पैसे भरण्याआधी बघा. फाटकी असेल तर तिथल्या तिथे सांगा. सांगायला संकोच कसला?

दिवसा, साधारण अकरा ते पाच, उन्हाच्या बाजूची खिडकी आणि पडदा बंदच ठेवा. या वेळेत बाहेरची हवा आतल्यापेक्षा जास्त तापलेली असते. हवा अंगापेक्षा गरम झाली की नुसत्या पंख्याने भागत नाही, उलट अंगाची लाहीलाही वाढते. अशा वेळी अंग ओलं हवं. आपल्या सोलापूरचा टॉवेल किंवा साधा पातळ पंचा भिजवून, पिळून मानेवर, दंडांवर, पोटऱ्यांवर ठेवा आणि मग पंख्याखाली बसा. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. आपली मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून ते झपाट्याने उडतं. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय इतका लागू पडणार नाही. लॉजच्या गादीवर बऱ्याचदा रेक्झिनचं कव्हर असतं, त्यावर पाठ चिकटते. वर जाड सुती सोलापुरी चादर अंथरा, घाम टिपला जातो.

कूलरचं तत्त्वही हेच. पण कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करणारे अनेक जण असतात. मग तासाभरात खोली दमट होते आणि कूलर चालेनासा झाला असं वाटतं. कूलरला बाहेरची हवा ओढायला मिळाली पाहिजे, आणि समोरच्या बाजूने हवा निघून जायला वाट पाहिजे. ती वाट जाळीची ठेवलीत, की उकाडाही गेला आणि डासही बाहेर राहिले.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्या कूलरच्या टाकीत एकदा मोबाईलचा उजेड टाकून बघा. पाण्याच्या वरच्या थराला काडीच्या तुकड्यासारख्या बारीक अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या दिसतात का? टाकीवर टिचकी मारली की त्या वळवळत तळाशी जातात. त्या डासांच्या अळ्या! ज्या पाण्याने तुम्हाला गारवा मिळतोय, त्याच पाण्यात तुमच्या उशाशी डास तयार होताहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरी काय आणि लॉजवर काय, पिंपं, हौद, बादल्या भरून ठेवाव्याच लागतात. उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. पण नुसतं पाणी ओतून देऊन काम होत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. ब्रशने घासायलाच हवं. लॉज चालवणाऱ्या माझ्या बांधवांना कळकळीची विनंती आहे, नवं गिऱ्हाईक खोलीत जाण्याआधी कूलरची टाकी घासून घ्या, पिंपांवर झाकण किंवा घट्ट कापड बांधा, आणि संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला, जाळी लावा.

रात्री मच्छरदाणीसारखं दुसरं काही नाही. कडा गादीखाली खोचा, अंग जाळीला टेकू देऊ नका, कारण डास जाळीबाहेरूनही चावतो. मच्छरदाणीत वारा कमी लागतो हे खरं. त्यासाठी टेबल फॅन पलंगाच्या उंचीवर, बाजूने लावा. डासाला जोराच्या वाऱ्यात नीट उडता येत नाही, त्यामुळे मच्छरदाणी नसली तरी पायांवर येणारा वारा बराच बचाव करतो. बंद खोलीत कॉइल जाळून झोपू नका. तो धूर डासांपेक्षा लेकरांच्या छातीला जास्त बाधतो. आणि एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी. म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

माठातलं पाणी, ताक, पन्हं थोड्या थोड्या वेळाने घेत राहा. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते, त्यांना मागायची वाट न बघता द्या. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून ग्लानी आली, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

घरी परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना कुठे मुक्काम केला होता ते सांगा. डेंग्यूचा ताप डास चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी येतो. रक्त तपासून होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

नमस्कार.